आंजर्ले ते हर्णै : सागरी निसर्गसफरीचा तिसरा आणि शेवटचा दिवस

मुरूडला सुरू होऊन हर्णैला संपणारी तीन दिवसांची सागरी निसर्गसफर आम्ही यंदा होळीच्या तोंडावर केली. दिवसा होडीवर आणि रात्री किनाऱ्यावरच्या घरगुती निवासात, अशी तिची आखणी असते. पहिल्या दिवशी पद्मदुर्ग आणि जंजिरा पाहून हरिहरेश्वरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सावित्रीची खाडी ओलांडून बाणकोट, वेळास, केळशी करत आंजर्ल्याला मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी आंजर्ल्याहून सुवर्णदुर्ग करून हर्णैला उतरणे, असा मार्ग होता. माणशी ८,५०० रुपये आकारले. त्यात राहणे, जेवण आणि होडी हे सारे आले. आम्ही तिघे होतो : मी, माझ्या वहिनी आणि पाचवीत शिकणारी पुतणी. मी चिपळूणच्या शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवले असल्यामुळे अशा सफरींकडे माझे लक्ष जरा अधिक बारकाईने जाते, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्या दोन दिवसांविषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की सारे वेळेवर झाले, जेवण घरचे आणि चांगले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याने होडी इतकी हलली की निम्म्या लोकांनी जेवण सोडून दिले. या सफरीची खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी झाली आणि म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या एका दिवसाचे आहे. सफरीचा शेवटचा दिवस बहुतेक आयोजक सामान आवरणे, हिशेब मिटवणे आणि परतीची गाडी गाठणे यांतच घालवतात. येथे तो सर्वांत भरगच्च ठेवलेला होता आणि त्याचा कार्यक्रम भरती-ओहोटीकडे पाहून बांधलेला होता. एक गंभीर चूकही त्याच भरती-ओहोटीच्या बाबतीत झाली. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

पहाटे सव्वासहाला आम्ही आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो. वाडीतल्या शिमग्याचा ढोल रात्री उशिरापर्यंत ऐकू येत होता, पण किनाऱ्यावर त्या वेळी लाटांखेरीज दुसरा आवाज नव्हता. सुरूच्या झाडांपलीकडे जाळीने बंदिस्त केलेली कासवांची हॅचरी आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. ती अंडी कोल्ह्याकुत्र्यांच्या आणि माणसांच्या तोंडी पडू नयेत म्हणून कासवमित्र ती हॅचरीत हलवतात, प्रत्येक घरट्यावर तारीख लिहितात आणि पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येण्याची वाट पाहतात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे काम सुरू केले आणि तेथून ते या किनारपट्टीवरच्या गावांत पसरत गेले. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते आणि अधिक तापलेल्या वाळूतून माद्या अधिक निघतात, ही गोष्ट मी वर्गात पुस्तकातून शिकवत आले. त्या वाळूत हात घालून तिची ऊब पाहण्याची संधी मात्र मला या वयात मिळाली.

आयोजकांच्या पत्रकात ‘कासवांची पिल्ले पाहण्याची संधी’ असे लिहिलेले होते, ‘पिल्ले दाखवू’ असे लिहिलेले नव्हते. हा शब्दांचा नेमकेपणा मला फार आवडला. आमच्या नशिबाने त्या दिवशी एका घरट्यावरची टोपली उचलल्यावर खाली सतरा पिल्ले होती. कासवमित्राने पाण्यापासून काही अंतरावर वाळूत रेघ ओढली, आम्हाला तिच्या अलीकडे उभे केले आणि पिल्ले वाळूवर सोडली. ती पाण्यातच का सोडत नाहीत, असे पुतणीने विचारले, तेव्हा मार्गदर्शक मुलीने सांगितले की हे चालणे पिल्लाला स्वतःलाच करू द्यायचे असते.

सतरांपैकी सोळा पिल्ले पाच-सात मिनिटांत गेली. सतरावे मागे राहिले. त्याच्या वाटेत कोणाच्या तरी पावलाचा खोल ठसा होता आणि ते त्या ठशाच्या टाचेच्या भागात उतरून अडकले होते. राखाडी-काळ्या रंगाचे, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडे लांब असे ते पिल्लू पुढचे दोन्ही पाय एकामागून एक वाळूत रोवत होते. प्रत्येक वेळी कडेची ओली वाळू ढासळत होती आणि ते परत खाली येत होते. थोड्या वेळाने ते हालचाल थांबवून मान खाली टाकून पडून राहिले, इतके की पुतणीने माझा हात घट्ट धरला. मग त्याने दिशा किंचित बदलली, ठशाच्या बोटांकडच्या उथळ बाजूने ते वर आले, तिथून थेट फेसापर्यंत गेले आणि पहिल्या लाटेने उलटे होऊन, दुसऱ्या लाटेत सरळ होऊन दिसेनासे झाले. या सगळ्यात मोबाईलचे दोन प्रकाशझोत पडले. ते आमच्याच गटातले होते. कासवमित्राने एकदा आणि मार्गदर्शक मुलीने एकदा असे स्पष्ट शब्दांत थांबवल्यावर ते बंद झाले. मोबाईल आधीच काढून घेणे योग्य झाले असते, असे माझे मत आहे.

परत येताना मार्गदर्शक मुलीने सांगितले की जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीला उपग्रह टॅग लावून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले होते आणि ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांची कासवे वेगळी, असे आपण मानत आलो त्याला या एका मादीने छेद दिला. अशी ताजी आणि अचूक माहिती सहज बोलता बोलता देणारा मार्गदर्शक मिळणे हे या सेवेचे मोठे बळ आहे.

न्याहारीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. आठ वाजून गेले तरी निघण्याची हालचाल दिसेना, तेव्हा मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाने नाराजी दाखवली. आमची होडी चालवणारे तांडेलकाका अंगणात शांत बसून होते. ते म्हणाले, ‘आज त्रयोदशी. तेराचं पाऊणपट किती?’ पुतणीने बोटांवर हिशेब करून ‘पावणेदहा’ असे उत्तर दिले. तिथीला पाऊणपट केले की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना आणि आजही उपयोगी पडणारा हिशेब आहे. जोग नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि पाणी पुरेसे चढल्याशिवाय भरलेली होडी त्यावरून सुखरूप जात नाही. आम्ही बरोबर नऊला निघालो. दांड्यावरून जाताना एक खलाशी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बांबू घेऊन उभा होता आणि दर थोड्या अंतराने तळ चाचपत पाण्याची खोली ओरडून सांगत होता. होडीत बसलेल्या बाराही जणांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे होती आणि ती घातल्याशिवाय खलाशाने दोर सोडला नव्हता.

बाहेर आल्यावर मतलई वारा जवळजवळ पडला होता आणि पाणी तेलासारखे सपाट झाले होते. सुवर्णदुर्ग दक्षिणेला काळ्या पट्टीसारखा दिसत होता. निम्म्या वाटेवर तांडेलकाकांनी काहीही न बोलता इंजिन मंद केले आणि थोड्या वेळाने पूर्ण बंद केले. कोणी तरी ‘काय झाले’ असे विचारले, त्यावर त्यांनी नुसते बोट दाखवले. साधारण दीडशे हातांवर एक करडी पाठ वर आली, तिच्यावरचा लांबट उंचवटा आणि त्यावरचे छोटे त्रिकोणी पर दिसले आणि फुस्स असा श्वास सोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. हे कुबडे डॉल्फिन. दर्यावर्दी त्यांना गादा म्हणतात. ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात आणि म्हणूनच जाळी, होड्या आणि सांडपाणी या सर्वांचा त्रास त्यांनाच पहिल्यांदा पोहोचतो. जागतिक पातळीवर ही जात आज संकटग्रस्त मानली जाते.

आम्ही तेथे वीस-बावीस मिनिटे नुसते तरंगत होतो. पाच मोठे आणि एक पिल्लू मला मोजता आले. उडी एकानेही मारली नाही. ते वर येत, श्वास घेत, पुन्हा खाली जात, आणि दोन श्वासांच्या मधला वेळ पुतणी मनात आकडे मोजून काढत होती. मग हर्णैच्या बाजूने पर्यटकांची एक वेगवान होडी थेट त्या कळपाच्या दिशेने आली, तिने गोल फेरी मारली आणि आरडाओरडा करत दुसरी मारली. डॉल्फिन खाली गेले ते दूर खोल पाण्याकडे गेलेले दिसले. आमच्या तांडेलांनी पाठलाग केला नाही. गटातल्या काहींनी तसा आग्रह धरला, तेव्हा ते म्हणाले, ‘पिल्लू आहे त्यांच्याबरोबर. आता नको.’ या कोकण किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवण्याचा धंदा अनेक गावांत चालतो आणि त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांत इंजिनाचा आवाज आणि पाठलाग हाच भाग मोठा असतो, हे मी स्वतः पाहिलेले आहे. इंजिन बंद करून थांबायला डिझेल लागत नाही, वेळ लागतो. आणि तो वेळ या लोकांनी दिला. या सफरीला मी चांगले म्हणते त्याचे पहिले कारण हेच आहे.

दुसरे कारण कुरव या समुद्रपक्ष्यांचे. हिवाळ्यात लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या सरोवरांकडून आलेले तपकिरी डोक्याचे कुरव होळीपर्यंत या किनाऱ्यावर असतात आणि त्यांना शेव-गाठ्या टाकून फोटो काढण्याची सवय आता सर्वत्र लागली आहे. आमच्या होडीवर ते पहिल्या दिवसापासून मना होते. खाऊची पिशवी उघडलेली पाहून खलाशाने ती नम्रपणे बंद करायला लावली. कुरव तरीही होडीच्या मागे आले, कारण पंख्यामुळे ढवळलेल्या पाण्यात त्यांना बारीक मासळी मिळते, आणि ते तिच्यावर झडप घालताना फार जवळून दिसले. परतायची वेळ झाल्यामुळे काहींच्या डोक्यावर विणीच्या काळातला गडद रंग चढू लागला होता.

सुवर्णदुर्गावर आम्ही साडेदहाच्या सुमारास उतरलो. गेल्या वर्षी जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हा एक आहे. महादरवाजा जमिनीकडे तोंड करून तटाच्या वळणात असा लपवलेला आहे की जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि बाजूच्या तटावर मारुती. सकाळचे सतरावे पिल्लू डोळ्यांपुढे असताना पायरीवरच्या त्या कासवाकडे पाहून वहिनी नकळत वाकल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीला हात लावून नमस्कार केला.

मला मात्र किल्ल्यापेक्षा त्याच्या खालचा खडक अधिक वेळ पाहावासा वाटला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि त्यांच्यापासून सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याची ही किनारपट्टी घडली. सुवर्णदुर्गाचे बेट त्याच काळ्या पाषाणाचे आहे आणि आपल्या घरांचा तांबडा जांभासुद्धा त्याच खडकाच्या झिजेतून तयार झालेला आहे. तटाचा काही भाग चिरे रचून केलेला नसून मूळ खडक तासून उभा केला आहे, हे मार्गदर्शक मुलीने हात फिरवून दाखवले. खडकात वाटाण्याएवढी भोके आहेत. ती थंड होणाऱ्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. त्यातल्या काहींत पुढे पांढरे स्फटिक भरले. बाराच्या पुढे पाणी बरेच ओसरले तशी त्या काळ्या खडकावर कालवांची खरखरीत पांढरी पट्टी उघडी पडली आणि खळग्यांत साठलेल्या पाण्यात बोटाएवढे मासे, शंखात घर केलेले खेकडे आणि पाण्याखालीच उघडणारी समुद्रफुले (नावाने फुले, पण प्राणीच) दिसू लागली. एका खळग्याशी आम्ही जवळपास अर्धा तास उकिडव्या बसून होतो. कोणीही घाई केली नाही. उचललेला दगड पुन्हा त्याच बाजूने ठेवा, कारण खालच्या जिवांना ऊन सोसत नाही, एवढी एकच सूचना होती.

किल्ल्याच्या आतल्या एका उंच झाडावर काकण बसलेला होता. पोटाकडे पांढरा आणि पाठीवर राखाडी असा हा समुद्रगरुड या किनाऱ्यावर उंच झाडांवर काटक्यांचे भले मोठे घरटे करतो आणि वर्षानुवर्षे त्याचीच डागडुजी करून वापरतो. येथे मात्र एक उणीव जाणवली. बारा जणांमध्ये दुर्बिणी दोनच होत्या आणि त्यातल्या एकीची एक बाजू धूसर झालेली होती. वहिनींची पाळी येईपर्यंत काकण उडून गेला. वन्यजीव पाहण्यासाठी काढलेल्या सफरीत ही काटकसर पटण्यासारखी नाही. तीन माणसांमागे एक चांगली दुर्बीण हवीच. होडीवरचे स्वच्छतागृहही फार अरुंद आहे आणि ज्येष्ठ स्त्रियांना हलत्या होडीत ते वापरणे कठीण जाते.

दुपारचे जेवण होडीवरच झाले. तांदळाची भाकरी, बांगड्याचे तिखले, आम्हा शाकाहारींसाठी कुळथाचे पिठले आणि सर्वांना सोलकढी. पिण्याचे पाणी मोठ्या पिंपातून स्टीलच्या पेल्यांत दिले, प्लास्टिकच्या बाटल्या अजिबात नव्हत्या. उरलेसुरले समुद्रात न टाकता डब्यात भरून किनाऱ्यावर नेले.

आता त्या चुकीविषयी. पूर्ण भरती पावणेदहाला असेल तर पूर्ण ओहोटी चारच्या सुमारास येणार, हे उघड आहे, आणि आम्ही हर्णैला नेमके पावणेचारला पोहोचलो. होडी किनाऱ्यापासून बरीच दूर थांबवावी लागली, सामानासह सर्वांना छोट्या होडीत उतरवले आणि तीही वाळूला लागल्यावर उरलेले अंतर गुडघाभर पाण्यातून चालून जावे लागले. खलाशांनी सामान डोक्यावर घेतले, वहिनींना दोन्ही बाजूंनी आधार दिला आणि कोणालाही इजा झाली नाही. परंतु वहिनी सत्तरीच्या पुढच्या आहेत, त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि हे नोंदणी करताना आम्ही लेखी कळवलेले होते. पुतणी पाण्यातून चालताना म्हणाली, ‘आत्त्या, सकाळी आपण हिशेब केला तेव्हाच हे कळलं होतं ना?’ तिचे बरोबर होते. सकाळी दांडा ओलांडण्यासाठी ज्यांनी पाण्याचा एवढा काटेकोर विचार केला, त्यांनी संध्याकाळच्या उतरण्याचा तसाच विचार करायला हवा होता, निदान आदल्या दिवशी आम्हाला सांगून सोय करायला हवी होती.

मी हे आयोजकांना त्याच संध्याकाळी फोन करून सांगितले. त्यांनी कारणे न देता चूक मान्य केली आणि यापुढे नोंदणीच्या वेळीच शेवटच्या दिवशीची ओहोटीची वेळ कळवू, असे आश्वासन दिले. ते पाळले जाते का, हे पुढे जाणाऱ्यांनी विचारून पाहावे.

हर्णैच्या वाळूवर त्या वेळी मासळीच्या लिलावाची तयारी सुरू होती. दूर नांगरलेल्या होड्यांकडून टोपल्या भरून येत होत्या आणि पाण्यात उभ्या असलेल्या बैलगाड्यांत रिकाम्या होत होत्या. आमचे दोन्ही खलाशी शिमग्याला घरी जाण्याच्या गडबडीत होते, तरी शेवटची पिशवी गाडीत चढेपर्यंत ते थांबले. तांडेलकाकांना मी विचारले की सकाळचा दांडा आणि संध्याकाळचे उतरणे, दोन्ही नीट जमेल अशी तिथी कोणती. त्यांनी क्षणभर समुद्राकडे पाहिले आणि म्हणाले, ‘नवमीला या, बाई. पावणेसातला भरती, कासवं बघून लगेच निघायचं. दुपारी किल्ल्यावर सुकती मिळते, खडक सगळा उघडा. आणि पाचला हर्णैला याल तेव्हा पाणी पुन्हा चढत असतं. भांगाचं पाणी, ओढही कमी.’ भांग म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी. नोंदणी करताना शेवटचा दिवस नवमीला येईल असे पाहावे आणि स्वतःची दुर्बीण सोबत न्यावी.